गोंगाट कोणास म्हणावे?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी कार्यक्रम निवडणाऱ्या समितीपुढे एकतीस अर्ज आले होते. त्यांपैकी तीस मंजूर झाले आणि एक नामंजूर झाला. त्या एका अर्जाविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते. कारण तो नामंजूर करणाऱ्यांत आमचाही हात वर झाला होता, आणि हात वर करण्यापूर्वी जो विचार करावयास हवा होता तो आम्ही केला नव्हता, ही गोष्ट वर्षभर आमच्या मनास टोचत राहिली आहे.

अर्ज इयत्ता नववीतील दोन मुलांचा होता. प्रकार : ‘ड्रम अँड बेस’. कालावधी : चार मिनिटे. वादक : ‘आम्ही दोघे’. आणि ‘कोणत्या गीतावर वा रचनेवर आधारित’ या रकान्यात त्यांनी दोनच शब्द लिहिले होते, ‘आमेन ब्रेक’. या दोन शब्दांनी घात केला. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांस वाटले की, प्रार्थनेच्या शेवटी ज्या शब्दाने आपण मस्तक लववितो त्या शब्दाची मोडतोड करण्याचा हा काही पोरखेळ असावा. दुसऱ्या एका सभासदांनी तो नमुना आपल्या फोनवर वाजवून पाहिला. पत्र्याच्या डब्यात खडे भरून तो डबा कोणी धावत्या बैलगाडीस बांधावा तसा आवाज अर्धा मिनिट निघाला, आणि ‘हा गोंगाट आहे’ असा निकाल झाला. मुले बाहेर व्हरांड्यात उभी होती. त्यांस आत बोलावून काही विचारावे हे कोणास सुचले नाही; आम्हांसही नाही. अर्ज परत घेताना ती ‘बरं, सर’ एवढेच म्हणाली व निघून गेली.

पुढे आठ दिवसांनी त्यांपैकी एक जण गणिताचा तास संपल्यावर आमच्या टेबलापाशी घुटमळला. ‘सर, गोंगाट म्हणजे नेमकं काय?’ असे त्याने विचारले. प्रश्नात उद्धटपणा नव्हता; खरोखरच उत्तर हवे होते. आम्ही थातुरमातुर काहीतरी सांगून त्याची बोळवण केली. परंतु वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहणाऱ्या मनुष्यास आपले उत्तर चुकले आहे हे कळावयास वेळ लागत नाही. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या दोघांस सभागृहात बोलाविले, मोठे ध्वनिक्षेपक जोडविले, आणि म्हटले, ‘आता वाजवा.’

जे ऐकू आले ते फोनवर ऐकलेले नव्हतेच. तबकडीवरचा तोच खडखडाट होता खरा, पण त्याच्या खाली, जणू जमिनीतून, एक दुसराच स्वर चालला होता. संथ, गंभीर, पावलापावलाने जाणारा. हा खालचा स्वर म्हणजे ‘बेस’, आणि वरचा धावता ठेका म्हणजे ‘ड्रम’. या संगीताचे नाव या दोहोंच्या जोडीवरूनच पडले आहे. बेसचा स्वर कित्येकदा सेकंदास चाळीस-पन्नास कंपनांपर्यंत खाली उतरतो. फोनच्या पोटातील चिमुकल्या ध्वनिक्षेपकास इतका खालचा स्वर काढताच येत नाही. म्हणजे समितीने ज्या रचनेवर निकाल दिला तिचा निम्मा भाग समितीने ऐकलाच नव्हता. पालकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या मुलाच्या फोनमधून किंवा कानातल्या बोंडांतून निसटणारा जो ‘टिकटिक-खडखड’ आपण ऐकतो व त्यावरून जे अनुमान काढतो, तेही याच मासल्याचे असते. ज्या तबल्याचा डग्गा काढून नेला आहे असा तबला ऐकून त्या वादकाची परीक्षा कोणी करील काय?

ज्या मुलांनी गायनवर्गात हाताने टाळी देत लय धरली असेल, त्यांस या संगीताची घडण समजावून देणे अवघड नाही. ड्रम अँड बेसची गती मिनिटास सुमारे १६५ ते १८० ठोक्यांची असते. पुष्कळ रचना १७४ वर बांधलेल्या असतात. ही गती इतकी चढी आहे की तीवर कोणी स्वस्थपणे पाय हलवू म्हणेल तर त्यास धाप लागावी. पण बेस या गतीने धावत नाही. तो बहुधा तिच्या निम्म्याने, म्हणजे मिनिटास ८७ च्या चालीने जातो. ठेका दुगुनीत आणि स्वर ठाय लयीत, असा हा प्रकार आहे. ऐकणारा ज्या लयीस चिकटेल ती त्याची. एकच रचना एकास पळताना दिसते आणि दुसऱ्यास चालताना, आणि दोघेही चूक नसतात. आम्ही स्वतः दुसऱ्या मिनिटापर्यंत पळणाऱ्यांत होतो. मग एकाएकी खालची चाल सापडली व खुर्चीस टेकून बसता आले.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द उच्चारला की वराती-मिरवणुकींत छाती दणाणून सोडणाऱ्या पेट्यांच्या भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि त्यांविषयी आमचे मत कोणत्याही त्रस्त शेजाऱ्यापेक्षा निराळे नाही. पण तो दोष संगीताच्या प्रकाराचा नसून मोजमापाचा आहे. तेवढ्या आवाजात भूपाळी लावली तरी ती कान फोडील. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या कानांसाठी जे माप सुचविले आहे ते आठवड्यास ४० तास, तेही ७५ डेसिबलच्या आत, असे आहे. आणि आवाज दर तीन डेसिबलने चढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. हे त्रैराशिक नववीच्या मुलास जमण्याजोगे आहे, व ते त्याने कानात बोंडे घालण्यापूर्वी करावे, एवढेच या बाबतीत आमचे म्हणणे. आता मूळ विषयाकडे वळू.

हे संगीत जन्मले लंडनमध्ये, १९९० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत. परंतु त्याचे गोत पाहू गेल्यास फार दूर जावे लागते. १९४८ च्या जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ नावाचे जहाज जमेका व आसपासच्या बेटांवरील शेकडो माणसे घेऊन टेम्स नदीच्या मुखाशी टिलबरी येथे लागले. त्या जहाजाने व त्यामागून आलेल्या जहाजांनी जी कुटुंबे इंग्लंडात आणली, त्यांनी आपल्याबरोबर जमेकाची एक रीत आणली : भल्यामोठ्या पेट्या रस्त्यात वा दिवाणखान्यात मांडून, स्वर खालच्या सप्तकात जड करून तबकड्या वाजवावयाच्या. त्यांच्या मुलानातवंडांनी ते जड स्वर कानात घेऊनच शाळा केली. पुढे अमेरिकेतून यंत्रांवर रचलेले नृत्यसंगीत आले, आणि ही तरुण मंडळी त्या दोहोंची मिसळ करू लागली. प्रथम तिला ‘जंगल’ म्हणत; पुढे ‘ड्रम अँड बेस’ हे नाव रूढ झाले. सरकारी परवान्यावाचून उंच इमारतींच्या गच्च्यांवरून चालणारी चोरटी नभोवाणी केंद्रे हे संगीत रात्री-अपरात्री वाजवीत. लंडनमधील ‘हेवन’ या नृत्यगृहात फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर ही जोडी तबकड्यांची गती वाढवून वाजवी, आणि तेथे पाया घातला गेला असे जाणकार मानतात.

गती वाढविण्याची ही युक्ती मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. तबकडी जलद फिरवली की स्वरही चढतो व माणसाचा आवाज बाहुलीसारखा होतो. परंतु त्या सुमारास बाजारात आलेल्या ‘सॅम्पलर’ नामक यंत्रात कोणताही ध्वनी आकड्यांच्या रूपाने साठवून त्याचे हवे तेवढे तुकडे पाडता येत. एका ठेक्यातील ठोका अन् ठोका वेगळा करावयाचा, त्यांचा क्रम फिरवावयाचा, एखादा ताणावयाचा, एखादा उलटा लावावयाचा, आणि पुन्हा सर्व जोडून नवाच ठेका उभा करावयाचा. जुन्या लुगड्याधोतरांचे तुकडे जोडून आपल्या आया-आज्या गोधडी शिवतात तसेच हे. वाजविणारा हात जे कधीही वाजवू शकला नसता ते त्याच हाताच्या तुकड्यांतून निघू लागले. यास कोणी कला न म्हणता कारागिरी म्हणेल, तर आम्ही भांडणार नाही. चांगली गोधडी शिवणाऱ्या बाईसही कोणी कलावती म्हणत नाही, आणि थंडीत मात्र सर्वांस तीच लागते.

गोंगाटाचा प्रश्न आमच्या समितीपुढेच पहिल्याने आला असे नव्हे. तो १९९४ साली खुद्द ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला होता. मोकळ्या रानात रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळ्यांस आळा घालण्यासाठी त्या वर्षी जो फौजदारी कायदा झाला, त्यात कोणत्या संगीतावर पोलिसांनी कारवाई करावी हे सांगणे भाग पडले. आणि कायद्याच्या पंडितांनी व्याख्या अशी केली की, ज्यात मुख्यतः एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके असतात असे ध्वनी यात येतात. विद्यार्थ्यांनो, ही व्याख्या आपण टाळ-मृदंगास लावून पहा, जात्यास लावून पहा, प्रभातफेरीच्या ढोलास लावून पहा. पुनरावृत्त न होणारा ताल हा ताल कसला?

या व्याख्येची फजिती एका तरुण जोडीने जी केली ती मोठी मौजेची आहे. रॉचडेल गावचे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन हे दोघे ‘ऑटेकर’ या नावाने यंत्रसंगीत रचीत. कायदा होण्याच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी ‘अँटी’ नावाची तबकडी काढली. तिच्यावर तीन रचना होत्या. वेष्टनावर सूचना होती की, यांपैकी दोन रचनांत पुनरावृत्त ठोके आहेत, तेव्हा कायदा झाल्यास त्या वाजवू नयेत. तिसरी ‘फ्लटर’ ही मात्र अशी बांधली आहे की तिच्यातील एकही आवर्तन दुसऱ्यासारखे नाही, म्हणून ती वाजविण्यास हरकत नसावी. तथापि वाजविणाऱ्याने सावधगिरी म्हणून एक वकील व एक संगीतशास्त्रज्ञ जवळ बाळगावा. विक्रीचा नफा त्यांनी नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या ‘लिबर्टी’ या संस्थेस दिला. विशीच्या आसपासच्या दोन पोरांनी शिव्याशाप न देता, काच न फोडता, केवळ आपले काम अधिक कसोशीने करून कायदेपंडितांस उत्तर दिले, हे आम्हांस फार आवडले. आमच्या समितीस असे उत्तर मिळाले असते तर ते आम्हांस शोभलेही असते.

परंतु आम्ही केवळ मुलांची वकिली करावयास बसलेलो नाही. त्या शनिवारी रचना संपल्यावर आम्ही विचारले, ‘हा ठेका तुमचा?’ तेव्हा ते म्हणाले, ‘नाही सर, हा आमेन आहे. तो सगळेच वापरतात.’ ‘पण वाजविला कोणी?’ दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. वर्षभर ज्या हाताचे तुकडे कापून ते जोडीत होते, तो हात कोणाचा हे त्यांस ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असेही वाटले नव्हते. येथे मात्र आम्ही गुरुजी झालो, व तिघांनी मिळून शोध केला. जे सापडले ते येथे लिहितो. कारण आमच्या मते या संगीताविषयी मुलांनी व पालकांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, एवढे ठेवावे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी ‘द विन्स्टन्स’ नावाचा एक लहानसा वाद्यवृंद होता. रिचर्ड स्पेन्सर त्याचे प्रमुख. १९६९ साली त्यांनी एक तबकडी काढली. तिच्या पहिल्या बाजूवर ‘कलर हिम फादर’ हे गीत होते. ते गाजले, त्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. दुसऱ्या बाजूस काहीतरी भरावयाचे म्हणून त्यांनी प्रार्थनामंदिरांत गाइल्या जाणाऱ्या ‘आमेन’ या भक्तिगीताच्या चालीवर एक शब्दहीन, जलद रचना वाजविली व तिला ‘आमेन, ब्रदर’ असे नाव दिले. हे मूळ ‘आमेन’ जेस्टर हेअरस्टन यांनी बांधले होते; १९६३ च्या ‘लिलीज ऑफ द फील्ड’ या चित्रपटात काही जोगिणींस एक मजूर ते गाण्यास शिकवितो. तेव्हा आमच्या ज्येष्ठ सभासदांस त्या शब्दात जो देवळाचा वास आला तो अगदीच खोटा नव्हता. फक्त त्यांनी ज्यास विटंबना मानले ते मुळात भजनच होते.

त्या दुसऱ्या बाजूच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक एकटा ड्रम वाजवितो. चार आवर्तने, प्रत्येकी चार मात्रांची. एकंदर सोळा मात्रा. आपल्या तीनतालाइतक्याच. वेळ सुमारे सात सेकंद. पहिली दोन आवर्तने तो आधीचाच ठेका सरळ चालवितो. तिसऱ्यात एक ठोका किंचित मागे खेचतो. चौथ्यात पहिली मात्रा, जेथे सर्वांचे कान टवकारलेले असतात तेथेच, मोकळी सोडतो, आडव्या लयीत शिरतो, आणि झांज अपेक्षेच्या आधीच वाजवून बाहेर पडतो. बस, एवढेच. सात सेकंद वाजवून तो आपल्या कामास लागला असेल. पुढल्याच वर्षी तो वाद्यवृंद मोडला.

१९८६ साली न्यू यॉर्कमध्ये जुन्या तबकड्यांतील अशा एकाकी ठेक्यांचे संग्रह निघू लागले, त्यात ‘आमेन, ब्रदर’ आली. तेथून ती प्रथम अमेरिकेच्या रॅप गाण्यांत शिरली, आणि मग लंडनच्या सॅम्पलरांत. कोलमनने मिनिटास सुमारे १३७ च्या गतीने जे वाजविले होते ते १७० च्या वर नेऊन, चिरून, उलटसुलट जोडून ‘जंगल’ व ड्रम अँड बेस यांची इमारत उभी राहिली. आजवर हजारो रचनांत ते सात सेकंद वापरले गेले आहेत. जाहिरातींत वाजले, दूरचित्रवाणीवर वाजले. रिचर्ड स्पेन्सर यांस यांतील काहीही १९९६ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी कोणीतरी मूळ ध्वनिफीत विकत मागावयास आले तेव्हा कळले. तोपर्यंत दावा लावण्याची कायदेशीर मुदत निघून गेली होती. २०१५ साली इंग्लंडातील दोन तबकडीवादकांनी वर्गणी जमवून चोवीस हजार पौंड स्पेन्सर यांस पाठविले. स्पेन्सर २०२० साली वारले. ग्रेगरी कोलमन यांस एक पैही पोहोचली नाही. ते २००६ साली अटलांटा शहरी, घरदार नसलेल्या अवस्थेत, निष्कांचन वारले.

हे वाचून झाल्यावर सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, ‘सर, मग आम्ही चोरी केली का?’

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सोपे वाटत नाही, व ते सोपे आहे असे जे म्हणतात त्यांचा आम्हांस संशय येतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, ताल कोणाच्या मालकीचा नसतो. खरे आहे. तीनताल कोणाचा? तो जो शिकेल त्याचा. पण तीनताल वेगळा, आणि अमुक दिवशी अमुक वादकाच्या बोटांतून उमटलेला, फितीवर धरून ठेवलेला तीनताल वेगळा. पहिला बोलीसारखा आहे, दुसरा हस्ताक्षरासारखा. दुसरा पक्ष म्हणतो की, परवानगीवाचून एक क्षणही घेऊ नये. हा नियम पाळला असता तर लंडनच्या त्या गरीब वस्त्यांतील मुलांपाशी यंत्र होते, कान होते, पण वकिलास द्यावयास पैसा नव्हता. आणि मग हे संगीत जन्मलेच नसते. १९९५ साली ‘टाइमलेस’ ही कृती करून ज्याने या संगीतास मान मिळवून दिला तो गोल्डी बालपणी अनाथाश्रमांत व परक्यांच्या घरी वाढलेला. १९९७ साली ब्रिस्टलचे रॉनी साइझ व त्यांचे सोबती ‘न्यू फॉर्म्स’ या संग्रहासाठी मर्क्युरी पारितोषिक घेऊन गेले; साइझही जमेकाहून आलेल्या घरचे. अशांच्या हातून ती यंत्रे काढून घ्यावयास हवी होती, असे आम्ही म्हणू शकत नाही.

आमचे मत मधले आहे असेही कोणी समजू नये. आमच्या मते खरा दोष घेण्यात नसून नाव गाळण्यात आहे. आपल्या देशात गाणारा-वाजविणारा आपल्या गुरूचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीस हात लावतो. बंदिश कोणाची, घराणे कोणते, हे सांगितल्यावाचून बैठक सुरू होत नाही. लंडनच्या तरुणांनी कोलमनची सोळा मात्रांची बंदिश घेतली, तिच्यावर सुंदर विस्तार केला, पण कानास हात लावला नाही. ‘आमेन’ हे नाव ठेकाभर पसरले आणि ‘कोलमन’ हे नाव हरवले. शब्द राहिला, माणूस गेला. पैशाचा हिशेब न्यायालये करोत वा न करोत. नाव लिहावयास पैसा लागत नाही, मुदतही लागत नाही.

आणि ही रीत या संगीतापर्यंत पोहोचावयास वाट नव्हती असेही नाही. १९९५ नंतर लंडनच्या हॉक्स्टन चौकात ‘ब्लू नोट’ नावाचे एक नृत्यगृह होते. तेथे रविवारी गोल्डी व त्याच्या मंडळींचे ड्रम अँड बेस चाले, आणि सोमवारी त्याच जागी तल्विन सिंग यांची ‘अनोखा’ ही बैठक भरे. तल्विन सिंग लंडनमध्ये जन्मले, पंजाबात येऊन तबला शिकले, आणि परत जाऊन त्यांनी तबल्याचे बोल याच धावत्या ठेक्यांत मिसळले. त्यांच्या ‘ओके’ या संग्रहास १९९९ चे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास उस्ताद झाकिर हुसेन व अमेरिकेचे बिल लासवेल यांच्या पुढाकाराने ‘तबला बीट सायन्स’ हा मेळ निघाला. त्यात तल्विन सिंग होते, मुंबईत वाढलेले त्रिलोक गुर्टू होते, आणि इंग्लंडात जन्मून न्यू यॉर्कमध्ये वाढलेले कर्श काळे होते. हे आडनाव आमच्या वाचकांस परके वाटणार नाही. झाकिर हुसेन माहीमच्या सेंट मायकेल हायस्कूलचे विद्यार्थी. तीही आमच्यासारखीच मिशनची शाळा. बाकावर बोटे वाजविल्याबद्दल तेथील एखाद्या मास्तरांनी त्यांस उभे केले होते की नाही हे इतिहासास ठाऊक नाही, परंतु बाकावर वाजणाऱ्या बोटांकडे आम्ही हल्ली थोडे दबकूनच पाहतो. उस्ताद २०२४ च्या डिसेंबरात निवर्तले, तेव्हा त्या दोघांपैकी एकाने वर्गाच्या फळ्यावर त्यांचे नाव लिहून ठेवले होते. आम्ही ते दोन दिवस पुसले नाही.

पालकांकडून दुसरी एक शंका नेहमी येते : यात पोटापाण्याचे काय? तिचे उत्तर आम्ही थोडक्यातच देतो, कारण ते बहुतेकांच्या बाबतीत ‘काही नाही’ असेच आहे. मँचेस्टरमध्ये शिकताना भेटलेले दोन तरुण, सॉल मिल्टन व विल केनार्ड, यांनी ‘चेस अँड स्टेटस’ या नावाने ड्रम अँड बेस रचावयास आरंभ केला. त्यांचा पहिला संग्रह २००८ साली निघाला, आणि स्टॉर्म्झी या गायकाबरोबरचे त्यांचे ‘बॅकबोन’ हे गीत ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये. मध्ये सोळा वर्षे गेली, आणि हे यशस्वी झालेल्यांचे उदाहरण आहे. तेव्हा दहावीचे गणित सोडू नये हे उत्तम. पण क्रिकेट खेळणारी सगळी मुले कोठे कसोटीपटू होतात, आणि म्हणून आपण त्यांची बॅट काढून घेतो काय?

आम्ही दोघांस इतकेच सांगितले की, कोलमनचा ठेका ठेवावयाचा असेल तर ठेवा, पण नाव लिहा. आणि ठेक्याखालचा स्वर तरी तुमचा स्वतःचा आणा. उन्हाळ्याच्या सुटीनंतर ते तीन नव्या रचना घेऊन आले. पहिली सामान्य होती, घाईने केलेली. दुसरीत पावसाचा आवाज अकारण फार होता. तिसरी ऐकून आम्ही खुर्चीवरून उठलो. तिच्यातील बेस असा होता की, कोठेतरी ऐकला आहे असे वाटे, पण ओळख पटेना. शेवटी त्यांनीच उलगडा केला. तो आमच्या शाळेच्या पितळी घंटेचा नाद होता. शाळा सुटतानाचा लांब ठोका त्यांनी व्हरांड्यात ध्वनिमुद्रित केला, यंत्रात घालून कितीतरी पटींनी खाली ओढला, आणि त्या एका ठोक्यातून सात स्वर काढले. ज्या घंटेच्या आवाजाने आम्ही गेली वीस वर्षे वह्या मिटतो, ती घंटा आम्हांस ओळखू आली नाही.

यंदाच्या संमेलनासाठी त्यांचा अर्ज पुन्हा आला आहे. समितीची बैठक येत्या गुरुवारी आहे, व आमचे मत काय पडणार हे आता गुपित राहिलेले नाही; इतर सभासदांविषयी आम्ही बोलू शकत नाही. एवढे मात्र खरे की, मोठे ध्वनिक्षेपक त्या दिवशी खोलीत असतील आणि मुले आत असतील. अर्जातील ‘कोणत्या रचनेवर आधारित’ या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून त्यांनी कागदाची चिठ्ठी चिकटविली आहे. तिच्यावर लिहिले आहे : ‘आमेन, ब्रदर. द विन्स्टन्स, १९६९. ड्रम : ग्रेगरी कोलमन.’ आणि त्याखाली, ‘घंटा :’ असे लिहून पुढे रिकामी जागा सोडली आहे. कारण ज्यांनी ती घंटा वाजविली ते आमचे शिपाई मामा. नाव घालावयाचे आहे असे कळताच त्यांनी ‘नुसतं मामा लिहू नका’ असे बजावून आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, उद्या स्वतः लिहून आणून देतो असे सांगितले आहे.